हिवाळी ढग, धुके आणि रब्बी पिकांवरील किडी

डिसेंबर-जानेवारीत दोन दिवस आभाळ भरून आले की रब्बीच्या शिवारात एकच निष्कर्ष ऐकू येतो: ढगांनी कीड आणली. दुसऱ्या दिवशी फवारणी सुरू होते, बहुधा शेतात एकदाही फेरी न मारता. या समजात तथ्य आहे. परंतु ते अर्धेच आहे, आणि उरलेल्या अर्ध्या भागापोटी अनावश्यक खर्च होतो.

ढग कीड निर्माण करीत नाहीत. ते तापमान बदलतात. निरभ्र रात्री जमिनीची उष्णता आकाशाकडे निघून जाते. ढगांचे आच्छादन असल्यास त्यातील बराच भाग परत येतो. त्यामुळे किमान तापमान वाढते, तर दिवसा ऊन अडल्याने कमाल तापमान घटते. आभाळ मोकळे झाले की किमान तापमान झपाट्याने उतरते. उत्तर भारतात पश्चिमी झंझावात पुढे सरकल्यानंतर हेच घडते. पावसाने ओलावलेली जमीन, मंद वारा आणि निरभ्र रात्र एकत्र आल्या की पंजाबपासून बिहारपर्यंतच्या मैदानात धुके दाटते. दृश्यमानता 1000 मीटरपेक्षा कमी झाल्यास धुके म्हणतात. 50 मीटरच्या खाली गेल्यास ते अतिदाट समजले जाते. असे धुके दुपारपर्यंत टिकले तर कमाल तापमान वर चढतच नाही.

कीटकांचे शरीर स्वतःची उष्णता राखीत नाही. त्यांची वाढ भोवतालच्या तापमानावर चालते आणि ठरावीक मर्यादेखाली जवळजवळ थांबते. हरभऱ्यावरील घाटे अळीसाठी ही मर्यादा 10 ते 12 अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. ती 11 धरून साधा हिशेब करता येतो. विदर्भात निरभ्र दिवशी कमाल 30 आणि किमान 12 असेल तर सरासरी 21, म्हणजे वाढीस उपयोगी 10 अंश. ढगाळ दिवशी कमाल 28 आणि किमान 18 झाल्यास सरासरी 23 होते व उपयोगी अंश 12. दिवस थंड भासूनही अळीची वाढ सुमारे 20 टक्क्यांनी जलद झाली. याच काळात हरियाणात धुक्यामुळे कमाल 14 व किमान 8 राहिले तर सरासरी 11 भरते, म्हणजे उपयोगी अंश शून्य. तेथे घाटे अळीचा जोर थंडी ओसरल्यावर, मुख्यतः मार्चमध्ये दिसतो. ‘ढगाळ हवामान’ हा एकच शब्द दोन ठिकाणी इतके भिन्न परिणाम दाखवतो. म्हणून एका राज्यातील सल्ला दुसऱ्या राज्यात जसाच्या तसा वापरणे योग्य नव्हे.

मोहरीवरील माव्याचे गणित वेगळे आहे. राजस्थान, हरियाणा, उत्तर प्रदेश व मध्य प्रदेशातील मोहरी पट्ट्यात हीच सर्वांत नुकसानकारक कीड. ती घाटे अळीपेक्षा बऱ्याच कमी तापमानात वाढते. मादी नराविना थेट पिलांना जन्म देते आणि पिले साधारण आठ-दहा दिवसांत प्रौढ होतात. थंड, दमट व ढगाळ दिवस तिला मानवतात. वसाहतीत दाटी झाली की पंख असलेले मावे तयार होऊन इतर झाडांवर पसरतात. फुलोऱ्याचा काळ आणि ही वाढ एकाच वेळी आली की शेंगा भरत नाहीत. ऑक्टोबरमध्ये वेळेवर पेरलेले पीक बहुतांशी यातून निसटते. उशिरा पेरलेले सापडते. जोराचा पाऊस झाल्यास मावा धुऊन जातो, रिमझिम पावसाने मात्र जात नाही.

येथे एक बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. माव्यावर जगणारे ढालकिडे, सिरफिड माशीच्या अळ्या आणि परोपजीवी गांधीलमाश्या यांना माव्यापेक्षा अधिक ऊब लागते. म्हणून धुक्याच्या दिवसांत मावा पुढे जातो आणि त्याचे शत्रू मागे राहतात. ऊन पडू लागल्यावर ते अंतर भरून काढतात. परंतु नेमक्या त्याच वेळी फवारणी झाली तर आधी तेच मरतात. शेंड्यांवर फुगलेले, तपकिरी व निश्चल मावे दिसत असतील तर परोपजीवी कीटकांचे काम सुरू झाले आहे, असे समजावे.

फवारणीचा निर्णय मोजणीवर व्हावा. शेतात विखुरलेली झाडे निवडून मुख्य शेंड्याचा 10 सेंटिमीटर भाग पाहावा. सरासरी 26 ते 28 मावे आढळल्यास शिफारस केलेले कीटकनाशक वापरावे. सुरुवातीस प्रादुर्भाव शेताच्या कडेच्या झाडांवर असतो, तेव्हा ग्रासलेले शेंडे तोडून नष्ट केले तरी पुष्कळ काम होते. हरभऱ्यात ओळीच्या प्रत्येक मीटरमागे 1 ते 2 अळ्या ही मर्यादा मानावी.

फवारणीची वेळ हा यातील सर्वांत नाजूक भाग. धुके असताना पानांवर दव असते, द्रावण पातळ होते आणि ओघळते. शिवाय जमिनीलगतच्या थंड, स्थिर हवेत बारीक थेंब तरंगत राहून भलतीकडे जातात. म्हणून शेतकरी उघाडीची वाट पाहतो, ते बरोबरच आहे. पण मधमाश्याही तीच वाट पाहत असतात! थंडीत पोळ्यात अडकलेल्या माश्या पहिल्या उन्हाच्या दुपारी मोहरीवर तुटून पडतात. भरतपूर, अलवर भागात या हंगामात स्थलांतरित मधुपालकांच्या पेट्या शेतालगत मांडलेल्या असतात. त्या दुपारी केलेली फवारणी पेट्या रिकाम्या करते आणि परागीभवनही घटवते. फवारणी सायंकाळी, माश्या परतल्यावर करावी व मधुपालकास आदल्या दिवशी कळवावे.

हरभऱ्यात मात्र ढगाळ वातावरण एका उपायास अनुकूल ठरते. घाटे अळीवरील विषाणू, म्हणजे एचएएनपीव्ही, सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी निष्प्रभ होतो. आभाळ भरलेले असताना तो पानांवर अधिक काळ टिकतो. अळ्या लहान असतानाच तो सायंकाळी फवारावा. थंडीत अळ्या मरण्यास नेहमीपेक्षा अधिक दिवस लागतात, त्यामुळे तिसऱ्या दिवशी अळ्या जिवंत दिसल्या म्हणून घाईने दुसरे औषध मारू नये.

जिल्हावार कृषी हवामान पत्रिका दर मंगळवारी व शुक्रवारी प्रसिद्ध होते. तीत पुढील पाच दिवसांचे कमाल व किमान तापमान, आर्द्रता, वारा आणि आकाशाच्या आठ भागांपैकी किती भाग ढगांनी व्यापेल, हे दिलेले असते. बहुतेक वाचक केवळ पावसाचा रकाना पाहतात. कीड व्यवस्थापनासाठी किमान तापमानाचा रकाना आधी पाहावा. तो सलग तीन-चार दिवस वर चढत असेल तर शेतातील मोजणी आठवड्यातून एकदा करण्याऐवजी दोनदा करावी आणि तारखेसह वहीत नोंदवावी.