साठी आली म्हणून बुद्धी नाठी होत नाही

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्या घरांत सहज बोलली जाते. आजी चष्मा कुठे ठेवला ते विसरली की नातवंडे हसतात. आजोबांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला की कोणीतरी म्हणते, “आता वय झालं त्यांचं.” या म्हणीमुळे दोन प्रकारचे नुकसान होते. साधा विसरभोळेपणा आलेला माणूस स्वतःच खचतो, हिशोब मुलाकडे देतो, बाजारात जाणे सोडतो आणि कोपऱ्यात बसून राहतो. दुसरीकडे, ज्याला खरोखर आजार सुरू झाला आहे त्याचा आजारही वयाच्या नावावर खपून जातो आणि दवाखान्यात जायला उशीर होतो. म्हणून उतारवयात मेंदूचे काय होते, तो कामात ठेवण्यासाठी आपल्या घरात आणि वस्तीत काय करता येते आणि डॉक्टरांकडे केव्हा जावे, हे या वेळी आपण समजून घेऊ या.

वयाचे विसरणे आणि आजाराचे विसरणे

वय वाढले की मेंदूचा वेग थोडा कमी होतो. एखाद्याचे नाव पटकन आठवत नाही, पण तासाभराने आठवते. नवी गोष्ट शिकायला जास्त वेळ लागतो. यात घाबरण्यासारखे काही नाही. शब्दांचा साठा, माणसांची पारख, आयुष्यभर केलेल्या कामाचे कसब या गोष्टी साठीनंतरही पुष्कळ काळ टिकतात.

स्मृतिभ्रंश, म्हणजे ज्याला डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात, तो वेगळा. त्यात मेंदूच्या पेशी आजाराने निकामी होत जातात. अल्झायमर हा त्याचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. यात चावी कुठे ठेवली हे विसरणे एवढेच होत नाही, पुढे पुढे चावीचा उपयोग काय हेही कळेनासे होते. भारतात ६० वर्षांवरील लोकांच्या एका मोठ्या राष्ट्रीय अभ्यासातून २०२३ मध्ये जो अंदाज पुढे आला, त्यानुसार शंभरात सुमारे सात जणांना, म्हणजे देशात सुमारे ८८ लाख ज्येष्ठांना हा आजार आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शिकलेल्यांपेक्षा न शिकलेल्यांत त्याचे प्रमाण जास्त आढळले. ही शेवटची गोष्ट आपल्या वस्त्यांच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे.

मेंदूची शिल्लक

अमेरिकेत १९८६ पासून डेव्हिड स्नोडन या संशोधकाने ख्रिस्ती मठांत राहणाऱ्या ६७८ वृद्ध जोगिणींचा अभ्यास केला. या सर्व जणींचे राहणे, जेवण, दिनक्रम जवळपास सारखा असल्यामुळे एकमेकींशी तुलना करणे सोपे होते. मृत्यूनंतर आपला मेंदू तपासण्यास त्यांनी संमती दिली होती. त्यांपैकी एक जोगीण १०१ व्या वर्षी वारली. शेवटपर्यंत तिची स्मरणाची चाचणी चांगली होती. मेंदू तपासला तेव्हा मात्र त्यात अल्झायमरच्या खुणा भरपूर सापडल्या. म्हणजे आजाराच्या खुणा मेंदूत होत्या, पण वागण्या-बोलण्यात आजार दिसला नव्हता.

असे का होते, हे सांगताना शास्त्रज्ञ ‘शिल्लक’ ही कल्पना वापरतात. बचत गटात दर महिन्याला थोडे थोडे टाकत गेलो की अडचणीच्या दिवशी ते उपयोगी पडते. तसेच शिकण्याने, विचार करण्याने, नाना प्रकारची कामे करण्याने मेंदूच्या पेशींमधले जोड वाढतात. पुढे आजाराने काही वाटा बंद केल्या तरी मेंदू दुसऱ्या वाटेने काम काढून नेतो. आजार होणारच नाही अशी हमी यातून मिळत नाही, पण त्याची लक्षणे पुढे ढकलली जाऊ शकतात. सत्तरीत येणारे परावलंबन पंचाहत्तरीला आले, तर ती पाच वर्षे त्या माणसाची आणि घराचीही असतात.

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची शक्यता वाढवणारी, पण बदलता येण्यासारखी १४ कारणे सांगितली. ती सर्व दूर झाली तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकतील किंवा पुढे ढकलले जातील, असा त्यांचा अंदाज आहे. लहानपणी शिक्षण कमी मिळणे हे त्यांतले एक कारण आहे.

आपल्या आजी-आजोबांना शाळा कमी मिळाली ती त्यांच्या आळसामुळे नव्हे. कोणाला वर्गाबाहेर बसवले, कोणाला दुसरी-तिसरीतून काढून मजुरीला लावले, मुलींना तर भावंडे सांभाळायला घरीच ठेवले. शाळा नाकारली गेली त्याची किंमत मेंदूला उतारवयातही मोजावी लागते. म्हणून मुलीची शाळा सुटू न देणे हीसुद्धा तिच्या म्हातारपणाच्या आरोग्याची तजवीज आहे.

पण ज्यांची शाळा हुकली त्यांच्यासाठी सगळे संपले असे मुळीच नाही. हैदराबादच्या निझाम वैद्यकीय संस्थेत डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास केला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजाराची सुरुवात एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा सरासरी साडेचार वर्षे उशिरा झालेली दिसली. हा फरक कधीच शाळेत न गेलेल्यांतही होता. सगळे श्रेय भाषेलाच देता येणार नाही, पण मेंदूची शिल्लक फक्त शाळेतच जमते असे नाही, एवढे यातून कळते. जी आजी घरात मराठी, कामावर हिंदी आणि शेजारणीशी तेलुगू किंवा गुजराती बोलते, ती रोज मेंदूला कामाला लावते.

मेंदूला कोणते काम द्यावे

याची साधी कसोटी अशी: काम थोडे नवे हवे, थोडे अवघड हवे आणि आवडीचे हवे. दिवसभर टीव्हीसमोर बसल्याने वेळ जातो, पण मेंदूला फारसे काही करावे लागत नाही. लहानपणापासून पाठ असलेली वंदना म्हटल्याने मन शांत होते, ते चांगलेच आहे. मात्र मेंदूला नवे काम हवे असेल तर आजवर न म्हटलेली एखादी गाथा अर्थासह शिकावी आणि तो अर्थ दुसऱ्याला समजावून सांगावा.

दुसरी गोष्ट, ज्याचा सराव कराल तेच मुख्यतः सुधारते. अमेरिकेत ६५ वर्षांवरील २,८०२ लोकांना वेगवेगळ्या गटांत स्मरणाचे, तर्काचे आणि झटपट पाहून ओळखण्याचे प्रशिक्षण दिले गेले. ज्या गटाने जे केले, त्यातच त्याची सुधारणा प्रामुख्याने दिसली. म्हणून महागडी कोडी किंवा मोबाइलवरचे ‘ब्रेन गेम’ विकत घेण्याची गरज नाही. जे रोजच्या जगण्यात लागते त्याचाच सराव करावा.

घरात आणि वस्तीत करता येण्यासारखे

हिशोब काढून घेऊ नका. भाजी, दूध, गॅस यांपैकी एक खर्च आजीकडे राहू द्या. तीन वस्तूंची बेरीज आधी तोंडी करायची आणि मग नातवाने मोबाइलवर पडताळायची. चूक झाली तर हसायचे नाही, पुन्हा करायचे.

अक्षर शिका. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातील फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी ओलांडलेल्या आज्या गुलाबी साडी नेसून पाटी-दप्तर घेऊन शाळेत जाऊ लागल्या. आपल्या घरातही रोज पंधरा मिनिटे पुरेत. आधी स्वतःची सही, मग रेशनकार्डावरचे नाव, मग बसचा क्रमांक, मग औषधाच्या पाकिटावरचे नाव. अंगठ्याऐवजी सही करणाऱ्या माणसाला सहज फसवताही येत नाही. केंद्र सरकारचा ‘उल्लास’ नव भारत साक्षरता कार्यक्रम १५ वर्षांवरील सर्व निरक्षरांसाठी आहे. जवळच्या सरकारी किंवा महापालिकेच्या शाळेत त्याची चौकशी करावी.

सांगायला लावा आणि लिहून घ्या. १९७२ चा दुष्काळ, खडी फोडण्याचे काम, तेव्हा मिळणारी सुकडी, गाव सोडून शहरात येणे, वस्तीतली पहिली झोपडी, पाण्याची रांग हे सगळे ज्येष्ठांच्या आठवणीत आहे. नातीने वही घेऊन बसावे. “मग काय झालं? तिथे अजून कोण होतं?” असे विचारत गेले की आठवणींची साखळी उलगडते. जात्यावरच्या ओव्या येत असतील तर मोबाइलवर आवाज भरून ठेवा.

विहारात गट करा. आपल्याकडे वर्षावासात ग्रंथवाचन होते, तेव्हा एक जण वाचतो आणि बाकीचे ऐकतात. त्यात एवढीच भर घाला: पुढच्या बैठकीला मागच्या भागाचा सारांश एका ज्येष्ठाने आपल्या शब्दांत सांगायचा. वर्षावास संपल्यावरही आठवड्यातून एक दिवस बैठक चालू ठेवा. वाचन होईल, चर्चा होईल आणि माणसांत येणेही होईल. एकटेपणा हेही त्या १४ कारणांपैकी एक आहे. पत्ते, कॅरम, बुद्धिबळ, नवे गाणे बसवणे, लेझीम किंवा नाच हेही चालेल, फक्त पत्त्यांवर पैसे लावू नका.

चालत राहा. मेंदूला रक्त लागते आणि ते चालण्याने नीट पोहोचते. रोज अर्धा तास, जमेल त्या वेगाने, शक्य तर सोबत घेऊन चालावे.

डोक्याचे काम एकटे पुरत नाही

फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १,२६० लोकांवर दोन वर्षे झालेल्या एका अभ्यासात आहार, व्यायाम, मेंदूचा सराव आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष या चारही गोष्टी एकत्र केल्या गेल्या. हे सर्व करणाऱ्यांची विचारशक्ती नेहमीचा आरोग्य सल्ला मिळालेल्यांपेक्षा चांगली राहिली. म्हणून बीपी आणि शुगर सरकारी दवाखान्यात नियमित तपासा. गोळ्या बरे वाटते म्हणून बंद करू नका. विडी, सिगारेट आणि दारू सोडा.

कान आणि डोळे विसरू नका. ऐकू येत नसेल तर माणूस चुकीचे उत्तर देतो आणि घरचे म्हणतात, डोके फिरले. हळूहळू तो बोलणेच सोडतो. कधी कानात फक्त मळ साचलेला असतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात होते. ६५ वर्षांवरील गरजू ज्येष्ठांना चष्मा, श्रवणयंत्र यांसारख्या साधनांसाठी राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ३,००० रुपयांची मदत आहे. समाजकल्याण कार्यालयात त्याची माहिती घ्यावी.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

ओळखीच्या गल्लीत वाट चुकणे, नुकतेच जेवून “मला जेवायला दिलं नाही” असे म्हणणे, आयुष्यभर केलेला स्वयंपाक किंवा हिशोब न जमणे, स्वभाव एकदम बदलणे, उगाच संशय घेणे, यांपैकी काही दिसले तर “वय झालं” म्हणून थांबू नका. ब १२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड कमी असणे, मनाची उदासी, काही औषधांचा परिणाम यांनीही विसरायला होते आणि त्यावर उपचार आहेत. शुगरसाठी मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षे घेणाऱ्यांत ब १२ कमी होऊ शकते. गोळी स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना तपासणीबद्दल विचारा.

जाताना सर्व औषधांची पिशवी सोबत न्या. आजी शाळेत गेलेली नसेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा, कारण वाचायला-लिहायला लावणाऱ्या चाचणीत न शिकलेला माणूस आजारी नसतानाही नापास होऊ शकतो. हरियाणातील बल्लभगड भागात न शिकलेल्या ज्येष्ठांसाठी मुद्दाम वेगळी हिंदी चाचणी बनवावी लागली होती. त्यात वाक्य लिहायला न सांगता आपल्या घराविषयी एक वाक्य बोलायला सांगतात.

तोंड वाकडे होणे, एका हाता-पायातली ताकद जाणे, बोलणे अडखळणे किंवा माणूस एकाएकी बरळू लागणे हे दिसले तर एक मिनिटही न थांबता १०८ ला फोन करा. पडून डोक्याला मार लागल्यावर काही आठवड्यांनी गोंधळ सुरू झाला तरी लगेच रुग्णालयात न्या. ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६ हे सरकारी मदत क्रमांक आहेत.

दोष कोणाचाच नाही

आम्ही वर सांगितलेले सर्व करूनही काहींना हा आजार होतो. भरपूर वाचन करणाऱ्या प्राध्यापकांनाही होतो. म्हणून आजारी माणसाला “तुम्ही डोकं वापरलं नाही” असे कोणी म्हणू नये आणि वेडा म्हणून त्याला खोलीत कोंडू नये. तो मुद्दाम करत नाही. त्याच्याशी वाद न घालता, एका वेळी एकच गोष्ट, शांतपणे सांगावी. सांभाळण्याचा भार एकट्या सुनेवर किंवा लेकीवर न टाकता घरातल्या सर्वांनी वाटून घ्यावा.

या महिन्याचा अभ्यास

घरातील सर्वांनी एका संध्याकाळी एकत्र बसून या चार प्रश्नांची उत्तरे द्यावीत.

१. आपल्या घरातील ज्येष्ठांकडून गेल्या वर्षात आपण कोणते काम काढून घेतले? त्यातले कोणते परत देता येईल?

२. त्यांना कोणती एक नवी गोष्ट शिकायची इच्छा आहे? ती कोण शिकवणार आणि कोणत्या वेळी?

३. त्यांचे कान, डोळे, बीपी आणि शुगर शेवटचे केव्हा तपासले?

४. आठवड्यातून किती वेळा ते घराबाहेर चार माणसांत बसतात?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ज्येष्ठांनाच आधी देऊ द्या. बाकीच्यांनी तोपर्यंत ऐकावे.