अतिशीघ्र वजनघट : उपद्रव आणि चिकित्सकाची दक्षता

तुळशीचे लग्न लागून लग्नसराई सुरू झाली की राहाता परिसरातील चिकित्सालयांत एक मागणी हमखास येते, "डॉक्टर, महिन्याभरात दहा किलो उतरेल असे काही द्या." गेल्या हंगामात अशीच एक वधू माझ्याकडे आली, परंतु लग्नानंतर. कोणाच्या तरी सल्ल्याने तिने पाच आठवडे सकाळी लिंबू-पाणी, दुपारी एक पेरू व सायंकाळी कसलासा काढा एवढ्यावर काढले होते. वजन ७८ वरून ६८ किलोवर आले होते. पूजेच्या दिवशी पुरणपोळी व तूप खाल्ल्यावर उजव्या कुशीत तीव्र शूल, वमन आणि खांद्यापर्यंत जाणारी वेदना सुरू झाली. सोनोग्राफीत पित्ताशयात अश्मरी दिसल्या. आदल्या वर्षी अन्य कारणाने केलेल्या तपासणीत पित्ताशय निर्दोष होते.

या घटनेत आश्चर्य काहीच नाही. मेद वेगाने वितळू लागला की यकृत पित्तात अधिक कोलेस्टेरॉल सोडते. आहारात स्नेह नसल्याने पित्ताशय आकुंचन पावत नाही, पित्त साचून राहते व त्यात खडे धरतात. आठवड्यास दीड किलोहून अधिक वजन उतरू लागल्यास हा धोका ठळकपणे वाढतो. दिवसाला ८०० कॅलरींहून कमी आहारावर काही महिने राहिलेल्यांपैकी दहांत एकास वा त्याहूनही अधिक जणांस अश्मरी झाल्याचे आढळले आहे. स्नेह पूर्ण वर्ज्य करावयास सांगणाऱ्या वैद्यबंधूंनी याचा अवश्य विचार करावा.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात अतिस्थूलाची संप्राप्ती सांगताना एक मर्माची गोष्ट नोंदविली आहे. मेदाने मार्ग रुद्ध झाल्याने वायू कोष्ठात संचार करून अग्नी प्रदीप्त करतो. अशा अग्नीस अन्न न मिळाल्यास अग्नी व वायू वणव्याने वन जाळावे तसे शरीर जाळतात. म्हणूनच त्यांनी स्थूलासाठी उपवास न सांगता गुरु तथापि अपतर्पण असा आहार सांगितला. यव, मूग, कुळीथ, मध व तक्र ही द्रव्ये पोट भरतात, पण मेद वाढवीत नाहीत. व्यायाम, जागरण इत्यादी वाढवावयाचे तेही क्रमाक्रमाने. हा 'क्रम' आपण चिकित्सेतून वगळला, आणि जाहिरातींतून तर तो कधी नव्हताच.

पहिल्या आठवड्यात काटा तीन-चार किलो खाली येतो त्याचे रुग्णास मोठे अप्रूप वाटते. वास्तविक यकृत व मांसातील साठविलेली शर्करा संपताना तिच्यासोबत धरलेले पाणी निघून जाते. मेदाचा भाग त्यात थोडाच. पुढे उपासमार चालू राहिली की मेदासमवेत मांसधातूही झिजतो. दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळू लागतात, पाळी लांबते. आपण भृंगराज तेल देतो, पण मागील तिमाहीत वजन किती उतरले हे विचारावयाचे राहून जाते. बाविसाव्या अध्यायातील अतिलंघनाची लक्षणे, म्हणजे पर्वभेद, अंगमर्द, मुखशोष, तृष्णा, श्रवण-नेत्रदौर्बल्य, मनाचा संभ्रम, देहाग्निबलनाश, एकदा या रुग्णांसमोर ठेवून वाचावीत.

अधिक काळजी लागते ती अन्य औषधे घेणाऱ्यांची. ग्लिमेपिराइड वा इन्सुलिन चालू असता आहार एकदम तोडल्यास शर्करा घातक पातळीपर्यंत उतरते. डापाग्लिफ्लोझिनसारख्या औषधांवरील रुग्णाचा धोका अधिक फसवा आहे. उपवासात त्याच्या रक्तात कीटोन साचून अम्लता वाढते, पण शर्करा मात्र १८० च्या आसपासच दिसते. मळमळ, उदरशूल, जलद श्वास पाहून आपण अम्लपित्त समजतो. अशा रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. मूत्रल औषधे घेणाऱ्यास उपवासासमवेत वारंवार विरेचन दिल्यास पोटॅशियम घटून हृदयगती बिघडू शकते. अमेरिकेत १९७७ च्या सुमारास द्रवरूप प्रथिनांवरच राहून वजन घटविणाऱ्या सुमारे साठ जणांचा मृत्यू झाला. त्यांतील अनेकांत कारण हृदयगतीतील विकृती हेच होते.

आपल्याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी २०११ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत बारा दिवस उपोषण केले, तेव्हा त्यांचे वजन सुमारे साडेसात किलो उतरले. त्या उपोषणाचा हेतू वेगळा होता. वैद्याने पाहावे ते इतकेच की वैद्यकीय देखरेख अहोरात्र होती आणि उपोषण सुटले ते नारळपाणी व मधाने, पक्वान्नाने नव्हे. दीर्घ उपासानंतर एकदम भरपूर पिष्टान्न घेतल्यास रक्तातील फॉस्फेट कोसळते व मृत्यूही ओढवू शकतो. पेया, विलेपी, यूष हा संसर्जनक्रम पंचकर्माच्या प्रकरणात आपण पाठ केला. उपवास करून आलेल्या रुग्णालाही तोच लागू आहे.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी दोन गोष्टी. ब्रुसेल्स येथील एका चिकित्सालयात १९९० च्या दशकारंभी वजन घटविण्यासाठी चिनी वनौषधी दिल्या गेल्या. एका द्रव्याच्या जागी नामसाधर्म्यामुळे ॲरिस्टोलोकिया प्रजातीचे द्रव्य आले. शंभराहून अधिक स्त्रियांचे वृक्क निकामी वा क्षतिग्रस्त झाले व पुढे त्यांतील अनेकींस मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. आपली ईश्वरी ही त्याच प्रजातीची. दुसरे, सिब्युट्रामिन हे हृदयास घातक ठरलेले औषध भारतात २०११ मध्ये बंद झाले, तरी 'शुद्ध वनस्पतिजन्य' म्हणविणाऱ्या कॅप्सूलांत ते लपवून मिसळल्याचे परदेशी औषध-नियंत्रकांना पुनःपुन्हा आढळले आहे. गुग्गुळकल्प घेणाऱ्याची भूक दोन दिवसांत मेली, तोंड कोरडे पडले, झोप उडाली व छाती धडधडू लागली, तर तो गुग्गुळाचा प्रभाव मानू नये.

मी स्वतः आठवड्यास अर्धा ते एक किलो आणि सहा महिन्यांत मूळ वजनाच्या पाच ते दहा टक्के, एवढेच उद्दिष्ट लिहून देतो. निम्मे रुग्ण हे ऐकून परत येत नाहीत. वधू असल्यास तर जवळजवळ नाहीच. जे थांबतात त्यांच्या कागदावर चालू असलेली सर्व औषधे, रक्तदाब, कंबरेचा घेर आणि आधी कुठून काय घेतले हे नोंदवितो. आणलेली बाटली समोर ठेवावयास सांगतो. परवाना क्रमांक व घटकद्रव्ये नसलेली बाटली मी बंद करावयास लावतो, मग तिने वजन उतरलेले असो वा नसो.