'फ' तुकडीची भरपाई

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००२ सालचा 'दहावी फ' हा चित्रपट माझ्या परिचयातील शिक्षकमंडळींत, विशेषतः ठाणे-डोंबिवलीच्या मराठी शाळांतून निवृत्त झालेल्यांत, इतक्या भक्तिभावाने आठवला जातो, की त्याविषयी प्रतिकूल शब्द उच्चारणे म्हणजे पंक्तीत बसून यजमानाच्या स्वयंपाकाला नावे ठेवणेच समजले जाते. तरीही मी हे लिहीत आहे. कारण 'मुलांना अवश्य दाखवा' असा त्याच्याविषयीचा आग्रह अद्याप ओसरलेला नाही, आणि त्या आग्रहाला मान देऊ पाहणाऱ्या पालकांना आमच्या गृहसंस्थेचा अनुभव कदाचित उपयोगी पडेल.

गुणांच्या उतरंडीत अगदी तळाच्या तुकडीत लोटली गेलेली, 'ढ' हा शेरा नावाआधी लागलेली, 'अ' तुकडीतील सुस्थितीतल्या मुलांशी झालेल्या झगड्यानंतर शिक्षेस पात्र ठरलेली आणि त्या अपमानाच्या संतापात शाळेची प्रयोगशाळा उद्ध्वस्त करणारी मुले, असा या कथेचा पूर्वार्ध आहे. आणि तो मला आजही असामान्य वाटतो. काचेच्या नळ्या फोडणाऱ्या त्या मुलांना आपण काय करीत आहोत हे कळत असते आणि नसतेही, हे दिग्दर्शकांनी ओळखले आहे. पुढे मात्र अतुल कुलकर्णी यांनी साकारलेले सहृदय शिक्षक मध्ये पडतात, मुले श्रम करून पैसा मिळवितात व नुकसानभरपाई करू लागतात. आणि येथेच, ज्या क्षणी इतरांचे डोळे पाणावतात त्या क्षणी, माझे मन हळूहळू बाजूला सरकू लागले. मोडलेल्या सामानाची भरपाई पोरांनी केली. पण 'फ' या अक्षराने त्यांचे जे नुकसान झाले त्याची वसुली कोणाकडून करायची?

आमच्या डोंबिवलीच्या गृहसंस्थेत गणेशोत्सवात एका रात्री, आरती आटोपल्यावर, हा चित्रपट मांडवात दाखविण्याची तजवीज करण्यात आली. पुढच्या खुर्च्यांवर मुले बसवली होती, मागे आम्ही पालक. मोडतोडीच्या प्रसंगापर्यंत पोरे स्तब्ध होती. नंतर कुजबूज सुरू झाली, भ्रमणध्वनींचे उजेड दिसू लागले, दोघेतिघे पाणी पिण्याच्या निमित्ताने गेले ते परतलेच नाहीत. मागच्या रांगांत मात्र रुमाल निघाले होते. चित्रपट संपल्यावर एका गृहस्थांनी मुलांना उभे करून 'यातून काय शिकलात?' असा जाबजबाब सुरू केला, तेव्हा नववीतल्या एका मुलाने मलाच विचारले, "काका, पण मग त्यांच्यातलं कुणी 'अ'मध्ये गेलं का?" मला काही उत्तर देता आले नाही.

सुमित्रा भावे या मूळच्या समाजशास्त्राच्या अभ्यासक. 'बाई' या १९८५ सालच्या लघुपटापासून त्यांची दृष्टी प्रश्न नीट समजून घेण्याची राहिली, आणि 'दोघी' वा 'वास्तुपुरुष' पाहिलेल्या कोणासही त्या दृष्टीचे मोल सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु प्रश्न समजून घेणाऱ्या मनाला तो सुटावा अशीही ओढ असते, आणि वयात आलेल्या पोराचा राग हा सुटणारा प्रश्न असतोच असे नाही. तो सुटल्याचे दाखविण्याचा मोह केवळ मराठीतच आढळतो असेही नव्हे. १९५५ सालच्या 'ब्लॅकबोर्ड जंगल'मध्ये सिडनी पॉइटिए बंडखोर वर्गातला विद्यार्थी होता, आणि १९६७ सालच्या 'टु सर, विथ लव्ह'मध्ये तोच नट तशाच वर्गाला वळण लावणारा शिक्षक झाला. बारा वर्षांत बाकावरून खुर्चीवर! अशा चित्रपटांत विद्यार्थ्याचे दुःख अखेर शिक्षकाच्या थोरवीचे प्रमाणपत्र होऊन बसते, हा माझा आक्षेप आहे.

म्हणून ज्यांना हा खटाटोप करावयाचा आहे त्यांनी चित्रपट आधी एकट्याने पाहावा आणि आपले डोळे कोणासाठी भरून येतात, मुलांसाठी की सरांसाठी, हे स्वतःशी ताडून घ्यावे. सरांसाठी येत असतील तर तो पोरांना औषधाच्या मात्रेसारखा देऊ नये. त्यांना वास लगेच येतो. दाखविलाच, तर नंतर चर्चासत्र भरवू नये. फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोचा १९५९ सालचा 'फोर हंड्रेड ब्लोज' मिळाल्यास तो दाखवावा; त्यातला मुलगा सुधारगृहातून पळून समुद्रापर्यंत पोहोचतो, आपल्याकडे पाहतो आणि चित्र तेथेच गोठते. त्यात कोणी सुधारत नाही, म्हणूनच ते पाहून झाल्यावर मुले आपण होऊन बोलण्याचा संभव अधिक. बोलली नाहीत तरी चालेल. डोंबिवलीतल्या फडके रोडच्या कट्ट्यावर ती जे बोलतात ते आपल्यासाठी नसतेच.

मुले रमली नाहीत, तर त्या निराशेचा राग 'दहावी फ'वर मात्र काढू नये. त्याचा खरा प्रेक्षक निराळा आहे. नववीत एखादा डगमगू लागला की त्याच्या पालकांस कचेरीत बोलावून, निकालाच्या टक्केवारीला धक्का नको म्हणून, सतरा नंबरचा अर्ज भरून दहावीला बाहेरून बसण्याचा सल्ला देण्याची रीत काही शाळांत आहे. सल्ला तोंडी, दप्तरी नोंद नाही. ही रीत चालविणाऱ्यांनी आणि तिच्याकडे काणाडोळा करणाऱ्या संचालक मंडळींनी 'दहावी फ'चा पूर्वार्ध पाहावा. शिक्षकांच्या जूनमधल्या पहिल्या सभेत तो दाखवता येईल. फक्त तुकड्यांच्या याद्या कायम होऊन फलकावर लागण्यापूर्वी.