मार्कर नॉर्मल, मग पोटाची काळजी मिटली?

‘डॉक्टर, पॅकेजमध्ये कॅन्सर मार्करही करून घेतले. सगळे नॉर्मल. आता पोटाची चिंता नाही ना?’ पन्नाशीतले पेशंट रिपोर्टची फाइल पुढे सरकवत हे विचारतात. ‘तसं म्हणता येत नाही,’ म्हटलं की चेहरा पडतो.

पॅकेजमधले ते मार्कर म्हणजे बहुधा सीईए आणि सीए १९-९. जठराचा कॅन्सर सुरुवातीचा असतो, तेव्हा बहुतेकांचे हे आकडे नॉर्मलच येतात. उलट सिगारेट ओढणाऱ्याचा सीईए कॅन्सर नसतानाही थोडा चढतो, आणि पित्तनलिकेत खडा अडकला की सीए १९-९ वाढतो. कॅन्सरच्या उपचारानंतर लक्ष ठेवायला ते कामाचे, धडधाकट माणसाला मात्र नुसता घोर लावतात.

रक्तातून जठराचं काहीच कळत नाही, असंही नाही. पेप्सिनोजेन नावाची चाचणी आहे. अस्तराला वर्षानुवर्षं सूज राहिली की तिथल्या ग्रंथी झिजतात. मग पेप्सिनोजेन १ घटतं, पेप्सिनोजेन २ त्या मानाने टिकून राहतं. पहिलं ७० नॅनोग्रॅम किंवा कमी आणि दोघांचं गुणोत्तर ३ किंवा कमी, हा जपानी डॉक्टरांचा ठोकताळा. ही चाचणी कॅन्सर दाखवत नाही, झिजलेलं जठर दाखवते. दुर्बीण आधी कोणाला करायची, एवढं त्यातून ठरतं. निदान शेवटी दुर्बिणीतून घेतलेल्या तुकड्यावरच होतं.

ही सूज बहुतेकदा हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूमुळे येते. १९८४ मध्ये बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने तो स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला होता! २००५ मध्ये रॉबिन वॉरन यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं. जंतू श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीत सापडतो, औषधांनी जातोही. फक्त ॲसिडिटीची पँटोप्राझोलसारखी गोळी तपासणीआधी दोन आठवडे बंद हवी, तीही डॉक्टरांना विचारूनच. चालू असेल तर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो.

सगळ्यात दुर्लक्षित आकडा त्याच फाइलमध्ये असतो: हिमोग्लोबिन. उतारवयात ते कारणाशिवाय घसरत असेल, तर नुसत्या लोहाच्या गोळ्यांवर भागवू नका. जठरातून थेंबथेंब रक्त जात असेल. चार घासांत पोट भरणं, वजन उतरणं, घास अडकणं, डांबरासारखी शौचास होणं, यातलं काही असेल तर मार्करच्या नादी न लागता थेट दुर्बीण करून घ्या. आणि येताना जुने सीबीसीचे रिपोर्टही घेऊन या.