नोकरी सोडू का? वाईच्या व्हायोलिनवाल्याला विचारू

कोयनानगरच्या बॅचमध्ये एका ताईंनी विचारलं, "सर, माझं करवंदाचं सरबत सगळ्यांना आवडतं. नोकरी सोडून हेच करू का?" घरात पगार एकच. पटकन 'सोडा' म्हणायची माझी छाती झाली नाही.

त्यांना पं. वि. गो. जोगांची गोष्ट सांगितली. आपल्याच सातारा जिल्ह्यातले, वाईचे. जन्म १९२२. वाद्य व्हायोलिन, मूळचं परदेशी, आणि हिंदुस्थानी मैफिलीत त्याला बहुतेक साथीचीच जागा. एकट्या व्हायोलिनला गिऱ्हाईक तयार नव्हतं, असं आपल्या भाषेत म्हणू. जोगांनी लखनौला संगीत महाविद्यालयात शिकवलं, पुढे कलकत्त्याला आकाशवाणीत नोकरी केली, आणि मैफिलीही चालू ठेवल्या. पगार येत असला की पडेल भावात माल विकावा लागत नाही, हे माझं मत.

आता खरी गंमत बघा. उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांच्या सनईबरोबर जोगांची जुगलबंदी गाजली. सनई लग्नाकार्यामुळे घराघरात ओळखीची. तिच्यासाठी आलेल्या माणसानं व्हायोलिनही ऐकलं! १९८३ साली पद्मभूषण मिळालं तेव्हा जोगांनी साठी ओलांडली होती.

तर ताई, नोकरी राहू दे. धरणाकडं येणारे पर्यटक ज्या हॉटेलात जेवतात, तिथं शनिवार-रविवारी २० बाटल्या ठेवा. किती खपल्या, किती परत आल्या, वहीत लिहा. चार महिन्यांनी वही घेऊन या, मग राजीनाम्याचं बोलू.