वळचणीचा बर्फ

2015 सालच्या फेब्रुवारीत, मी प्राथमिक शाळेत असताना, अमेरिकेतील बोस्टनजवळ राहणाऱ्या माझ्या आत्तेभावाचा फोन आला, घर गळते आहे. आत्या लगेच म्हणाली, "शाकारणी केली नव्हतीस का? कौल सरकलं असेल." बेळगावच्या पावसात वाढलेल्या माणसाला दुसरे काय सुचणार? पण त्याचे छप्पर अगदी धड होते. तरीही भिंतीवरून पाणी ओघळत होते.

त्या हिवाळ्यात बोस्टनला 110.6 इंच हिम पडले. तेथील नोंदींतला तो उच्चांक. मात्र खरा गुन्हेगार हिम नव्हे, घरातली ऊब. तिकडे घर सतत तापवलेले असते. ती ऊब छतातून माळ्यावर जाते आणि छपराची वरची बाजू तापवते. बाहेर पारा शून्याखाली दहा अंश असला तरी हिमाच्या थराखाली पाणी सुटू लागते, कारण भुसभुशीत हिमात हवा कोंडलेली असते आणि ते गोधडीसारखे काम करते. हे पाणी उताराने वळचणीकडे येते. वळचण भिंतीच्या बाहेर असते, तिच्याखाली ऊब नाही. तेथे पाणी पुन्हा गोठते. रोज थोडे थोडे गोठून बांध तयार होतो आणि मागे तळे साचते. आता छपराची रचना पाहा. डांबरी तुकडे आपल्या कौलांप्रमाणेच एकावर एक चढवलेले असतात. वाहते पाणी ते उतरवून देतात, साचलेले पाणी अडवू शकत नाहीत. ते सांध्यांतून वर चढते आणि घरात उतरते. पागोळ्या गोठून झालेल्या त्या बर्फाच्या लोंब्या चित्रात फार सुंदर दिसतात. घरमालकाला मात्र त्या धोक्याची सूचना असतात.

मग उपाय कोठे करायचा? कुऱ्हाडीने बर्फ फोडला तर छप्परच फुटते, शिवाय माणूस घसरतो. जमिनीवर उभे राहून लांब दांड्याच्या फावड्याने वळचणीकडचे तीनचार फूट हिम ओढून काढणे बरे. विजेच्या गरम तारा बसवता येतात, पण त्यांचे बिल दर हिवाळ्याला येते. आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांच्या भाषेत हा महसुली खर्च. भांडवली खर्च छतात करायला हवा. आधी दिव्यांच्या, नळांच्या, धुराड्याच्या बाजूच्या फटी बुजवायच्या, कारण गरम हवा तिथूनच निसटते. नंतर माळ्यावर उष्णतारोधक थर जाड करायचा. आणि वळचणीखालून गार हवा आत घेऊन आढ्याजवळून बाहेर सोडायची. हा क्रम महत्त्वाचा आहे. फटी तशाच ठेवून वर कितीही कापूस अंथरला तरी व्यर्थ. छप्पर नव्याने घालायचे असेल तेव्हा वळचणीपासून बाहेरच्या भिंतीच्या आत किमान 24 इंचांपर्यंत जलरोधक चिकट पट्टा घालतात. त्याने बांध टळत नाही, गळती टळते.

आत्तेभावाने पहिल्या वर्षी बर्फ काढणाऱ्यांना दोनदा पैसे मोजले. भिंतीचा रंगही गेला. उन्हाळ्यात त्याने फटी बुजवून घेतल्या, थर घातला.

पुढच्या हिवाळ्यात वहिनींनी फोटो पाठवला. शेजाऱ्यांच्या छपरावर वरचे हिम वितळून काळे पट्टे उमटलेले, खाली लोंब्या. यांच्या छपरावर सगळे हिम जसेच्या तसे. आत्याने चष्मा लावून फोटो पाहिला आणि म्हणाली, "शेजारी बघ कसे साफ करतात. आमच्याला अजून वेळ मिळाला नाही वाटतं!"