अंगठ्याची साक्ष

'अंगठाबहाद्दर' हा शब्द आपण हसत हसत वापरतो. आमच्या घरी तो कोणी वापरीत नाही. माझी आजी अंगठा लावते, वडील गेल्या वर्षापर्यंत अंगठाच लावीत होते, आणि कॉलेजची पायरी चढणारी घरातली मी पहिलीच. 'पोलीस आणि नवे तंत्रविज्ञान' या विषयावर वार्षिकासाठी लिहा, असे सरांनी वर्गात सांगितले, तेव्हा मित्रमैत्रिणींनी ड्रोन, कॅमेरे, सायबर गुन्हे असे एकेक वाटून घेतले. मी अंगठा मागून घेतला. त्याला कारण आहे. ते आधी सांगते.

२०२२ च्या हिवाळ्यात, मी अकरावीत असताना, तालुक्याच्या गावी एका खताच्या दुकानात चोरी झाली. माझे वडील तेथे हमाली करीत. घरी आम्ही त्यांना आबा म्हणतो. मागच्या खिडकीची काच काढून चोर आत आला होता आणि गल्ला रिकामा झाला होता. दुकानाची आतून माहिती कोणाला, तर हमालांना, या हिशेबाने सकाळीच तिघा हमालांना बोलावणे आले. दुपारी मी भाकरी घेऊन गेले तेव्हा तिघेही भिंतीशी उकिडवे बसलेले होते. त्यांतल्या एकाच्या पाठीत दोन काठ्या आधीच बसल्या होत्या. "ए, इकडे ये" असे आबांना बोलावणारा शिपाई वयाने माझ्या थोरल्या भावाएवढा असेल.

तिसऱ्या प्रहरी जिल्ह्याच्या ठिकाणाहून अंगुलीमुद्रा तज्ज्ञ आले. त्यांनी खिडकीच्या काढून ठेवलेल्या काचेवर मऊ कुंचल्याने काळी भुकटी फिरवली. काचेच्या आतल्या बाजूस, जेथे हमालाचा हात जाण्याचे काही कारण नव्हते, तेथे दोन बोटे उमटली. त्यांचा फोटो घेतला, मग पारदर्शक पट्टीने तो ठसा अलगद उचलला. याला ते लोक 'चान्स प्रिंट' म्हणतात. नंतर हमालांची पाळी आली. आबांचा ठसा नीट येईना. पंचवीस वर्षे पोती उचलून आणि त्याआधी चुन्याच्या भट्टीवर राबून त्यांच्या बोटांच्या रेषा झिजून गेल्या आहेत. त्या गृहस्थांनी त्यांना साबणाने कोमट पाण्यात हात धुऊन यायला सांगितले, शाई कमी केली आणि म्हणाले, "काका, हात सैल सोडा, मी फिरवतो." दिवसभरात आबांना 'काका' म्हणणारे ते एकटेच.

काचेवरची बोटे तिघांपैकी कोणाचीच नव्हती. संध्याकाळी सर्वांना घरी जाऊ दिले. चोर आजतागायत सापडलेला नाही. पण ती काळी भुकटी नसती, तर त्या रात्री काय झाले असते याचा विचार मी अजूनही करते.

आता हे शास्त्र आले कोठून ते पाहू. मला वाटत होते, विलायतेहून. वाचू लागले तेव्हा कळले की त्याची मुळे बंगालच्या मातीत आहेत. १८५८ साली जंगीपूर येथे विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने रस्त्याच्या खडीचा करार राज्यधर कोनाई या ठेकेदाराशी केला आणि कागदावर त्याच्या साऱ्या पंजाचा ठसा घेतला. हेतू ओळख पटविण्याचा नव्हता. उद्या हा सही नाकारील, तर त्याला धाक असावा एवढाच होता. पुढे अनुभवाने हर्शेलच्या ध्यानात आले की माणूस म्हातारा झाला तरी बोटावरच्या रेषा तशाच राहतात.

त्या काळी गुन्हेगार ओळखण्याची युरोपातली मान्य पद्धत म्हणजे पॅरिसच्या बर्तियाँची : डोक्याची लांबी, हाताची लांबी, पायाची लांबी अशी शरीराची मापे घेऊन नोंद ठेवायची. पण एकाच माणसाची दोन शिपायांनी घेतलेली मापे जुळतील याची खात्री नसे. बोटाचा ठसा तसा नाही. तो शाईने आपोआप कागदावर उतरतो. अडचण वेगळीच होती. हजारो ठशांच्या गठ्ठ्यांतून हवा तो ठसा शोधायचा कसा? नावाने शोधावा, तर चोर खरे नाव सांगत नाही.

हे कोडे सुटले कलकत्त्यात. बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस हे दोन तरुण काम करीत होते. वर्गीकरणाचे गणित हक यांनी बसविले, असे आता मानले जाते. ते इतके सोपे आहे की मी ते घरी करून पाहिले. दहा बोटांच्या पाच जोड्या करायच्या. बोटावर चक्र असेल तर जोडीच्या क्रमाने १६, ८, ४, २ किंवा १ गुण. शंख किंवा कमान असेल तर शून्य. प्रत्येक जोडीतल्या दुसऱ्या बोटाचे गुण वर, पहिल्याचे खाली, आणि दोन्ही बेरजांत एकेक मिळवायचा. वर १ ते ३२ आणि खाली १ ते ३२. म्हणजे बत्तीस गुणिले बत्तीस, एकूण १०२४ कप्पे. माझ्या उजव्या अंगठ्यावर आणि उजव्या अनामिकेवर चक्र आहे, बाकी सारे शंख. उत्तर आले ९/१७. कलकत्त्याच्या कपाटात माझा कागद त्या कप्प्यात गेला असता! (दहाही बोटांवर चक्रे असलेला राजा होतो, असे आजी सांगते. हेन्रींच्या पद्धतीत तो ३२/३२ या शेवटच्या कप्प्यात जातो.)

१८९७ साली कलकत्त्यास अंगुलीमुद्रा केंद्र सुरू झाले. स्कॉटलंड यार्डात ते १९०१ साली झाले. हक यांना खानबहादूर आणि बोस यांना रायबहादूर हा किताब मिळाला. पद्धतीला मात्र नाव पडले 'हेन्री पद्धती'.

लगेचच एक खटलाही उभा राहिला. जलपैगुडीकडे एका चहाच्या मळ्याच्या व्यवस्थापकाचा गळा चिरलेला आढळला. त्याच्या सामानात एक बंगाली पंचांग होते, त्याच्या निळसर वेष्टनावर दोन पुसट तपकिरी डाग. एक डाग म्हणजे रक्ताळलेला उजवा अंगठा होता आणि तो पूर्वी चोरीत शिक्षा झालेल्या एका जुन्या नोकराच्या कलकत्त्यातल्या कागदाशी जुळला. १८९८ साली न्यायालयाने त्याला चोरीबद्दल शिक्षा केली, पण खुनातून सोडले. अंगठ्याने एवढेच सांगितले होते की हा माणूस येथे होता आणि त्याने या वस्तूला हात लावला. सुरी कोणी चालवली, हे अंगठ्याने पाहिलेले नव्हते. मला हा निकाल फार शहाणपणाचा वाटतो.

आता कपाटे गेली आणि त्यांच्या जागी संगणक आला. रेषा जेथे संपते आणि जेथे तिला फाटा फुटतो, असे बिंदू यंत्र टिपते आणि त्यांची परस्परांपासूनची जागा इतर ठशांशी ताडून पाहते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये 'नॅफिस' ही राष्ट्रीय प्रणाली सुरू झाली. तीत अटक झालेल्या प्रत्येकास दहा आकडी क्रमांक मिळतो. पहिले दोन आकडे राज्याचे. पूर्वी एका राज्यातल्या ठशाची दुसऱ्या राज्यात चौकशी करायची तर टपालाने कागद पाठवावे लागत; आता तो शोध थोड्या वेळात होतो. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे बंधनकारक होत आहे; त्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. आमच्या तालुक्यात त्या दिवशी आलेले गृहस्थ उद्या प्रत्येक मोठ्या गुन्ह्यात येतील, तर पाठीत काठ्या बसायच्या आधी येतील, अशी आशा ठेवायला हरकत नाही.

येथे एक फरक समजून घेतला पाहिजे. रेशन दुकानातले यंत्र आजीला विचारते, 'तू तीच आहेस का?' एका बोटाची एकाच नोंदीशी गाठ. (आजीच्या झिजलेल्या बोटाला ते चार वेळा 'नाही' म्हणते आणि पाचव्यांदा गहू देते.) पोलिसांचे यंत्र विचारते, 'हा लाखोंपैकी कोण?' आणि ते एक नाव सांगत नाही. सर्वांत जवळच्या उमेदवारांची यादी पुढे करते. शेवटचा शब्द माणसाचा असतो, आणि घात होतो तो तेथेच.

११ मार्च २००४ रोजी स्पेनमध्ये माद्रिदला आगगाड्यांत बॉम्बस्फोट झाले. स्फोटकांच्या साहित्याच्या एका पिशवीवर बोटाचा ठसा सापडला. अमेरिकेच्या एफ.बी.आय.च्या संगणकाने वीस उमेदवार दिले, त्यांतला एक ओरेगॉन राज्यातला वकील. पूर्वी तो सैन्यात होता, म्हणून त्याचे ठसे दप्तरी होते. तज्ज्ञांनी एकामागून एक मान डोलावली : हाच तो. वकील धर्मांतरित मुसलमान होता. ठसे खरोखरच विलक्षण सारखे होते. पण स्पेनचे पोलीस हा ठसा जुळत नाही म्हणून सांगत असताना फेरतपासणी नीट झाली नाही, आणि त्याला त्याचा धर्मही काही अंशी कारण झाला असावा, असे पुढे सरकारी चौकशीत निघाले. दोन आठवडे तो कोठडीत होता. मग स्पेनच्या पोलिसांना त्या ठशाचा खरा धनी, एक अल्जीरियन, सापडला. २००६ साली अमेरिकन सरकारने क्षमा मागून वकिलाला वीस लाख डॉलर दिले.

यंत्राने खोटे सांगितले नव्हते. त्याने 'हे सारखे दिसतात' म्हटले. 'हाच' हे माणसांनी म्हटले. पण जो दप्तरातच नाही, त्याचे नाव यंत्र कधीच पुढे करणार नाही. म्हणून दप्तरात बोटे कोणाची जातात, हा प्रश्न मला यंत्राच्या वेगापेक्षा मोठा वाटतो. आपल्या देशाने याचा एक वाईट अनुभव घेतलेला आहे. १८७१ च्या कायद्याने काही जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरल्या. आपल्याकडे पारधी, कैकाडी, भामटा आणि आणखी किती तरी. सोलापूरला त्यांची तारेच्या कुंपणातली वसाहत होती. १९११ च्या कायद्याने नोंदलेल्या माणसाच्या बोटांचे ठसे केव्हाही घेण्याची मुभा दिली. गुन्हा घडण्याची वाट पाहायची नाही. माणूस आधी दप्तरात, गुन्हा मागाहून. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या जमाती मुक्त झाल्या. तरी गावात चोरी झाली की शिपायाची सायकल, आता मोटारसायकल, पहिली कोणत्या वस्तीकडे वळते, हे आमच्या तालुक्यातल्या कोणालाही विचारा.

१९२० चा कैद्यांच्या ओळखीचा कायदा जाऊन २०२२ साली नवा कायदा आला. त्यात बोटांबरोबर तळहात, पाऊल, डोळ्याचे पटल यांच्या नोंदी घेता येतात आणि त्या ७५ वर्षे ठेवता येतात. मात्र पूर्वी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला किंवा खटल्याविना सोडला गेला, तर न्यायालयाने वा दंडाधिकाऱ्याने कारण लिहून वेगळे सांगितल्याशिवाय त्याची नोंद नष्ट करायची, असेही त्यात म्हटले आहे. मी हे घरी वाचून दाखवले. आबांनी विचारले, "मग माझा कागद?"

त्यांना अटकच झालेली नव्हती, तेव्हा त्यांचा कागद कोठल्या कलमात बसतो, हे मला सांगता येईना. आमच्या राज्यशास्त्राच्या सरांनी सांगितले, अर्ज करून विचार. अर्ज मी दोन महिन्यांपूर्वी लिहून ठेवला आहे. आबा गेल्या पावसाळ्यात माझ्याजवळ सही शिकले. वळणदार करतात, फक्त वेळ लागतो. अर्जाखाली सही करावी, असे माझे म्हणणे. आजी म्हणते, साहेबांना ओळख पटायला पाहिजे, अंगठाच लाव. अर्ज अजून देव्हाऱ्यामागे तसाच आहे.